मातीतल्या बाइक रेसचे व्हिडिओ गेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात आणि गणपतीत मुंबई-पुण्याची मुलं गावी येतात. मग रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत टीव्हीसमोर ऑफ-रोड बाइक रेसचे डाव रंगतात. खेळणारी मुलं, त्यांचे आईवडील आणि आसपासच्या गावांतून फोन करणारे मित्र साधारण तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतो आहे. हा खेळ मला फार आवडतो. तो वेगाचा वाटतो खरा, पण जिंकला जातो तो उडी आणि उतरण्यातल्या समजेवर. खालची निम्मी उत्तरं फिरून त्याच मुद्द्यावर येतात.

आर्केड धाटणीचा गेम म्हणजे कसला?

बाइकचं वागणं खऱ्याच्या जवळचं, पण चुकीची शिक्षा हलकी, असा. एमएक्स बाइक्ससारख्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे खऱ्या बाइकची हुबेहूब नक्कल करणाऱ्या गेममध्ये, पुढचा ब्रेक वेगळा, मागचा वेगळा, क्लच वेगळा, शिवाय रायडरने अंग कुठे टाकायचं तेही आपणच ठरवायचं. वळणावर गॅस जरा जास्त झाला की मागचं चाक सुटलंच. न पडता एक फेरी पूर्ण करणं हीच तिथे मोठी कमाई असते. आर्केडमध्ये गॅस, ब्रेक, तोल आणि बहुतेक वेळा टर्बो (थोड्या वेळापुरता जादा वेग), एवढ्यावर काम भागतं. पडलात तर दोन-चार सेकंदांत परत ट्रॅकवर. उड्याही खऱ्या मोटोक्रॉसपेक्षा, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या बाइक शर्यतीपेक्षा, कितीतरी लांब असतात.

म्हणून आर्केड गेम उथळ समजू नका. बटणं पाच मिनिटांत कळतात, पण चांगल्या खेळाडूच्या वेळेच्या आसपास पोचायला महिने जातात.

सुरुवात कुठल्या गेमने करू?

हाताशी काय आहे त्यावर ठरवा. साधा फोन असेल तर हिल क्लाइंब रेसिंग. फिनलंडच्या फिंगरसॉफ्टने २०१२ मध्ये आणला. सुरुवात जीपने होते, नाणी साठली की मोटोक्रॉस बाइक घेता येते. स्क्रीनवर गॅस आणि ब्रेक असे दोनच पेडल असतात, आणि तोल सांभाळायला तेवढे पुरतात. तो हातात बसला की मॅड स्किल्स मोटोक्रॉस घ्या. स्वीडनच्या टर्बोरिलाची ही मालिका आहे, तिसरा भाग २०२१ चा. त्यात पुढे-मागे झुकायची स्वतंत्र बटणं आहेत, त्यामुळे उडीवर खरा ताबा येतो.

घरात जुना कॉम्प्युटर असेल तर २००० साली हंगेरीत तयार झालेला एलास्टो मानिया अजूनही बघण्यासारखा आहे. त्यात शर्यत अशी नाही. वेड्यावाकड्या गुहांमधून बाइक नेत सगळी सफरचंदं गोळा करायची आणि फुलापाशी पोचायचं. डोकं कुठे टेकलं की संपलं. दिसायला साधा, पण चाक, सस्पेंशन आणि वजन यांचं नातं इतकं उघड दाखवणारा दुसरा गेम मला ठाऊक नाही.

कन्सोल किंवा बऱ्यापैकी पीसी असेल तर रेडलिंक्सचा ट्रायल्स रायझिंग (२०१९) किंवा रेनबो स्टुडिओजची एमएक्स व्हर्सेस एटीव्ही मालिका. तिचा लेजेंड्स हा भाग २०२२ चा. पहिल्यात अडथळे, दुसऱ्यात मोकळं मैदान आणि धुरळा.

माझा सल्ला असा की आधी बाजूने दिसणारा गेम खेळा, मागून दिसणारा नंतर. बाजूने बघताना दोन्ही चाकं आणि जमिनीचा उतार एकाच वेळी डोळ्यांसमोर असतात. एकदा ते डोळ्यांत बसलं की मागच्या कॅमेऱ्यातूनही अंदाज येऊ लागतो.

या सगळ्याचा उगम कुठला?

खूप जण एक्साइटबाइकचं नाव घेतात, आणि ते बरोबर आहे. निन्टेन्डोने १९८४ मध्ये जपानात आणलेला हा गेम शिगेरू मियामोतो यांनी रचला. चार लेन, एक बाइक, एक साधं बटण आणि एक टर्बोचं. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले व्हिडिओ गेम आले, त्यांतल्या कितीतरी कॅसेटमध्ये हा असायचा. मारिओ आणि कॉन्ट्रा खेळून झालं की मुलं याच्याकडे वळायची.

त्यात ट्रॅक स्वतः बनवायची सोयही होती. बनवलेला ट्रॅक साठवायला जपानात एक टेप रेकॉर्डर मिळायचा, तो जपानबाहेर कधी विकायला आलाच नाही. त्यामुळे बाकीच्या जगात मशीन बंद केलं की ट्रॅक गेला. तरी मुलं बनवायचीच.

मी गॅस सोडतच नाही, तरी मागे पडतो. असं का होतं?

गॅस सोडत नाही, म्हणूनच. हा मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न आहे, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

उडी मारून बाइक खाली येते तेव्हा तिच्या वेगाचे दोन भाग असतात. एक भाग जमिनीत घुसणारा, दुसरा जमिनीला समांतर जाणारा. घुसणारा भाग सस्पेंशन गिळून टाकतं, तो गेला. समांतर भाग तेवढा तुमच्या हातात उरतो. सपाट जागेवर उंचावरून आदळलात तर बराचसा वेग जमिनीत जातो. तीच बाइक उतारावर उतरली, आणि उतरताना दोन्ही चाकं त्या उताराला समांतर असली, तर घुसणारा भाग अगदी थोडा राहतो आणि वेग जवळजवळ तसाच टिकतो. खाडीच्या पाण्यावर चपटा दगड तिरका फेकला की भाकऱ्या काढत दूर जातो आणि वरून टाकला की जागीच बुडतो, तोच हिशोब.

गेम लिहिणारे हा नियम थोडा वाढवूनच घालतात. चाकं उताराशी जुळली तर काही गेम वरून थोडा वेग बक्षीस देतात. जुळली नाहीत तर बाइक क्षणभर अडखळते, डुगडुगते आणि तेवढ्यात तिघे पुढे निघून जातात. एका फेरीत दहा-बारा उड्या असल्या तर प्रत्येक उडीमागे गेलेला अर्धा सेकंद किती होतो ते बघा.

आता गॅसचं. तुम्ही टोकापर्यंत पूर्ण गॅस देऊन उडता, म्हणून गरजेपेक्षा लांब जाता. उताराची जागा ओलांडून पलीकडच्या सपाटीवर, नाहीतर पुढच्या चढाच्या तोंडावर आदळता. चढाच्या अगदी शेवटी गॅस जरासा सोडा म्हणजे उडी आखूड होईल आणि बाइक उताराच्या वरच्या भागात उतरेल. तिथून खाली येताना उतारच तुम्हाला वेग देतो. हवेत घालवलेला वेळ वायाच जातो, कारण चाक जमिनीवर नसेल तर इंजिन तुम्हाला पुढे ढकलू शकत नाही.

सराव असा करा. एकच उडी निवडा. शर्यत विसरा, बाकीचे रायडर बंद ठेवता आले तर ठेवा. त्या उडीवर गॅस सोडायची जागा थोडी थोडी अलीकडे-पलीकडे करत राहा आणि बाइककडे न बघता जमिनीवरच्या तिच्या सावलीकडे बघा. सावली सांगते तुम्ही कुठे उतरणार. उतरताना आवाज मऊ आला, बाइक दबली नाही आणि वेगाचा आकडा खाली आला नाही, की ती जागा मनात पक्की करायची. मग पुढची उडी. आमच्याकडे दहा वर्षांच्या मुलीसुद्धा या पद्धतीने दोन संध्याकाळींत मोठ्यांना मागे टाकू लागतात.

हवेत गॅस दिला की बाइकचं नाक वर जातं, ब्रेक दाबला की खाली. हे गेमवाल्यांनी मनाने घातलं आहे का?

मुळीच नाही, खऱ्या मोटोक्रॉसमध्येही असंच होतं. बाइक हवेत असताना तिला बाहेरून कशाचा आधार नसतो. मागचं चाक जास्त जोरात फिरवलं की त्याची प्रतिक्रिया म्हणून बाइकचं अंग उलट्या दिशेने वळतं आणि नाक उचललं जातं. फिरतं चाक ब्रेकने थांबवलं की त्याचं फिरणं बाइकच्या अंगात उतरतं आणि नाक खाली जातं. नाक जास्त वर गेलं की खरे रायडर मागच्या ब्रेकला हलका टिचका देतात, फारच खाली गेलं तर गॅस पिळतात.

हिल क्लाइंब रेसिंगमध्ये हेच तत्त्व फार मोठं करून घातलं आहे, म्हणून तिथे दोन पेडलांवर कोलांट्या मारता येतात. एक्साइटबाइक आणि ट्रायल्समध्ये हे काम झुकण्याच्या बटणाने किंवा स्टिकने होतं.

प्रीलोड म्हणजे काय?

चढाच्या टोकाला पोचण्याआधी रायडर सस्पेंशन दाबून धरतो आणि अगदी टोकावर सोडतो. दबलेली स्प्रिंग उसळते आणि बाइक जास्त उंच जाते. एमएक्स व्हर्सेस एटीव्हीच्या घराण्यात स्टिक मागे ओढून धरायची आणि टोकावर पुढे सोडायची, की हे होतं. वेळ चुकली तर काहीच फायदा नाही. आणि वर सांगितलं तसं, प्रत्येक उडी उंच मारायची नसते. दोन ढिगाऱ्यांमधलं अंतर एका झेपेत पार करायचं असेल तेव्हाच वापरा.

टर्बो कधी मारायचा?

चढाच्या पायथ्याशी, वळणातून बाहेर पडताना आणि पडून उठल्यावर. हवेत मारलेला टर्बो बहुतेक गेममध्ये फुकट जातो.

एक्साइटबाइकमध्ये खाली तापमानाची पट्टी असते. टर्बो धरून ठेवला की ती भरते आणि भरली की बाइक कडेला जाऊन थंड होईपर्यंत उभी राहते. ट्रॅकवर काही ठिकाणी बाण रंगवलेले असतात, त्यावरून गेलं की इंजिन थंड होतं. म्हणजे पट्टी शेवटच्या टोकाला असताना बाण गाठायचा, हा त्या गेमचा गाभा. प्लेस्टेशन ३ वरच्या मोटरस्टॉर्मने तोच धागा पुढे नेला. तिथे बूस्ट, म्हणजे तिथला टर्बो, अती झाला की गाडीचा स्फोटच होतो. त्याच्या २००८ च्या पॅसिफिक रिफ्ट या भागात पाण्यातून गेलं की इंजिन लवकर थंड होतं, आगीजवळून गेलं की तापतं. कल्पना फार सुरेख आहे, कारण मग आपण वाट निवडताना नुसतं अंतर मोजत नाही, पाणी कुठे आहे तेही बघतो.

दुसऱ्या बाइकला लागून नेहमी मीच पडतो, समोरचा नाही.

एक्साइटबाइकमध्ये नियम सरळ आहे. तुमचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला लागलं तर तुम्ही पडता, त्याचं तुमच्या मागच्याला लागलं तर तो. म्हणून मागे चिकटून जाऊ नका. लेन बदलून पुढे काढा आणि मग त्याच्या समोर या. पडलात तर गॅसचं बटण पटापट दाबा, रायडर बाइककडे लवकर धावतो.

कॉम्प्युटरचे रायडर चीटिंग करतात का?

बऱ्याच आर्केड गेममध्ये त्यांचा वेग तुमच्यावर बेतलेला असतो. तुम्ही फार पुढे गेलात की ते जोर लावतात, फार मागे राहिलात की हात सैल सोडतात. याला रबर-बँड म्हणतात. नवख्याला शर्यत शेवटपर्यंत चुरशीची वाटावी म्हणून हे केलेलं असतं आणि लहान मुलांसाठी मला ते योग्यही वाटतं. पण अशा गेममध्ये पहिल्या फेरीत जीव काढून आघाडी घेण्यात फार अर्थ नसतो. शेवटच्या फेरीसाठी टर्बो राखून ठेवा.

आपली खरी प्रगती मोजायची असेल तर टाइम ट्रायल, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्धची फेरी, खेळा. तिथे समोर असतो तो तुमचाच घोस्ट, म्हणजे तुमच्या आधीच्या फेरीची सावलीसारखी बाइक, आणि तो कुणासाठी थांबत नाही.

रोड रॅश यात धरायचा का?

नाही. तो डांबरी रस्त्यावरचा, त्यात लाथा आणि साखळ्या. सायबर कॅफेच्या काळात आपल्या सगळ्यांचा लाडका होता, पण तिथलं कौशल्य वेगळं. अर्धा डांबर आणि अर्धी माती असं हवं असेल तर १९९७ चा मोटो रेसर.

जुन्या नोकियावर रेघांनी काढलेला बाइकचा एक गेम होता, त्याचं नाव काय?

ग्रॅव्हिटी डिफाइड, २००४ चा. जुन्या फोनमधल्या जावा नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचा. पांढऱ्या पडद्यावर एक रेघ म्हणजे डोंगर, दोन गोल म्हणजे चाकं, आणि रायडरही रेघांचाच. ब्लूटूथवरून एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जायचा. तेव्हाच्या फोनची ताकद बघता त्यातलं वजनाचं गणित थक्क करणारं आहे. खडा चढ चढताना रायडरला पुढे झुकवायचं, टोकावर मागे घ्यायचं, ही सवय त्यात लागली असेल तर ट्रायल्स तुम्हाला अवघड जाणार नाही.

आमच्या वाडीत रेंज नाही. ऑफलाइन काय चालेल?

हिल क्लाइंब रेसिंग एकदा उतरवला की नेटशिवाय चालतो. एलास्टो मानियाला तर नेटचा संबंधच नाही. कन्सोलवरचे बहुतेक गेम एकट्याने ऑफलाइन खेळता येतात, पण नवीन गेम घेतल्यावरचे पहिले अपडेट मोठे असतात. ते गावी यायच्या आधी शहरात करून आणा. चाकरमान्यांना हे मी दरवेळी सांगतो. फोनवरच्या फुकट गेममध्ये नेट बंद ठेवलं की जाहिरातीही फारशा येत नाहीत, आणि मुलाच्या हातून चुकून काही विकतही घेतलं जात नाही.

कंट्रोलर घ्यावा का? कीबोर्डवर जमत नाही का?

जमतं, पण कीबोर्डचं बटण एकतर दाबलेलं असतं नाहीतर सुटलेलं. कंट्रोलरचा ट्रिगर अर्धा, पाव, जरासा असा दाबता येतो. ट्रायल्समध्ये मागचं चाक घसरू न देता दगडावर चढायचं असेल तर पाव गॅसच लागतो. कीबोर्डवर तेच काम बटण टकटक दाबून करावं लागतं. एलास्टो मानिया आणि एक्साइटबाइक मात्र मुळातच साध्या बटणांसाठी बनले आहेत, तिथे काही अडत नाही.

उडी वेळेवर मारूनही बाइक उशिरा ऐकते असं वाटत असेल तर आधी टीव्हीची सेटिंग बघा. बहुतेक नव्या टीव्हीत गेम मोड असतो. तो चालू केला की टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवत नाही आणि तुमचं बटण लवकर पोचतं. त्याने भागलं नाही तर ब्लूटूथऐवजी वायर लावून बघा.

खारी हवा, पावसाळा आणि लाइट जाणं यात मशीन कसं टिकवायचं?

समुद्राच्या जवळ घर असेल तर यूएसबी आणि एचडीएमआयच्या तोंडांवर हिरवट थर धरतो आणि मग कंट्रोलरचा संपर्क मध्येच तुटतो. वापर झाला की कंट्रोलर झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. पावसाळ्यात मशीन महिनाभर बंद राहणार असेल तरी आठवड्यातून एकदा तासभर चालू करा, आतली उष्णता ओल घालवते. पण लगेच कपड्याखाली झाकू नका, आधी थंड होऊ द्या.

वीज चमकायला लागली की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. डिशची आणि नेटची वायरसुद्धा काढायची. एरवी लाइट येता-जाता जो झटका बसतो त्यासाठी छोटा यूपीएस असावा. तो अर्धा तास खेळू देणार नाही, पण गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरती उसंत देतो. गेम सेव्ह होत असताना, म्हणजे कोपऱ्यात ते चिन्ह फिरत असताना लाइट गेली तर सगळी प्रगती जाऊ शकते.

कोकणासारखा ट्रॅक आपल्याला बनवता येईल का?

येईल, आणि बनवावाच. परदेशी गेममध्ये वाळवंट, बर्फ, दऱ्या सगळं आहे. आपला सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं मोकळं पठार, कुठेच दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं. एलास्टो मानियात ट्रॅक बनवायची सोय गेमसोबतच येते आणि ट्रायल्सच्या अलीकडच्या भागांतली तर फार ताकदवान आहे.

आधी चार शब्द समजून घ्या. व्हूप्स म्हणजे ओळीने लहान लहान उंचवटे. टेबलटॉप म्हणजे चढ, वर सपाटी, मग उतार. डबल म्हणजे दोन ढिगारे आणि मध्ये रिकामी जागा. बर्म म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूला उचललेली मातीची भिंत, तिच्या आधाराने वेग न सोडता वळता येतं.

आता मी असा ट्रॅक कसा मांडतो ते सांगतो. सुरुवात चिरेखाणीत. जांभा कापून कापून खाणीत ज्या सरळ उभ्या पायऱ्या तयार होतात, त्या ट्रायल्ससाठी आयत्या चढाई आहेत. पहिली पायरी चाकाच्या उंचीची ठेवायची, दुसरी दीडपट, तिसरीला आधी एक चिरा तिरका टाकून द्यायचा म्हणजे नवख्याला वाट मिळते. वर आलं की सडा. इथे मोकळा वेग द्यायचा. कातळ पूर्ण सपाट नसतोच, त्याला हलके उंचवटे असतात, तेच व्हूप्स. त्यांची लय अशी ठेवायची की साधा खेळाडू तिन्ही उंचवट्यांवरून जाईल आणि जाणकार पहिल्यावरून उडून थेट तिसऱ्याच्या उतारावर उतरेल.

सड्याच्या कडेला घाटी. खाली समुद्र दिसला पाहिजे, कारण आरे-वारेच्या रस्त्यावर वळण घेताच निळं पाणी समोर येतं तेव्हा जे वाटतं ते ट्रॅकमध्ये यायला हवं. इथेच सगळ्यात मोठी उडी. पण उतरायचा उतार आपल्या अंदाजाहून लांब ठेवा. नव्याने ट्रॅक बनवणारे हमखास उडी मोठी करतात आणि उतार आखूड. मग खेळणाऱ्याला एकच वेग चालतो, जरा कमी-जास्त झालं की तो पडतो. लांब उतार असला की कमी वेगाचाही सुखरूप उतरतो आणि जास्त वेगाचाही.

मोठ्या उडीनंतर लगेच दुसरी उडी देऊ नका. एक पऱ्या (ओढा) आणि त्यावर साकव द्या. साकवावरून गेलं तर सरळ पण अरुंद, पाण्यातून गेलं तर रुंद पण संथ. पुढे माड-पोफळीची बाग, दोन्ही बाजूंना गडगे (दगड रचून केलेली कुंपणं), मध्ये जेमतेम बाइक जाईल एवढी पाणंद. वेग इथे आपोआप कमी होतो आणि डोळ्यांना वेगळा रंग मिळतो. शेवट पुळणीवर. वाळू चाक धरून ठेवते, म्हणून सरळ दिसत असली तरी गॅस सोडता येत नाही आणि वजन मागे ठेवावं लागतं. दमलेल्या खेळाडूसाठी शेवटची परीक्षा म्हणून ती छान.

एकूण लांबी मिनिटभराची बस. ट्रॅक झाला की जो कधीच खेळलेला नाही त्याच्या हातात द्या आणि तोंडातून एक शब्द काढू नका. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल ती जागा दुरुस्त करायची.

गेममध्ये किनाऱ्यावर बाइक पळवतात, मग इथे पुळणीवर नेली तर काय बिघडलं?

बरंच बिघडतं. रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री वर येऊन वाळूत खड्डा करतात आणि शंभराच्या आसपास अंडी घालून परत जातात. घरटं वरून दिसत नाही. चाकाखाली वाळू दाबली गेली की पिल्लांना वर येणं मुश्कील होतं आणि जी येतात ती चाकाच्या खोल चाकोरीत अडकतात. समुद्र पंधरा पावलांवर असतो आणि ती तिथेच मरतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी घरटी वाचवण्याचं काम उभं केलं, आंजर्ले-गुहागरकडेही घरट्यांची राखण होते. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

सड्याचंही तेच. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कितीतरी चित्रांना कुंपण नाही आणि उन्हात ती दिसतही नाहीत. जांभा मऊ, त्यावर चाक फिरलं की रेघ कायमची जाते. पावसाळ्यात त्याच कातळावर इंचभर मातीत फुलं येतात. पुळण आणि सडा गेममध्ये हवे तेवढे तुडवा, बाहेर तिथे पायी जा.

गेम खेळून मुलगा खरी बाइक मागतो आहे. वय सोळा.

सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचाच परवाना मिळतो, गिअरच्या बाइकला अठरा पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. त्याला हे आकडे दाखवा, पण आवड मारू नका. सायकल द्या, हेल्मेट द्या. तोल, ब्रेक आणि वळणावर नजर कुठे ठेवायची हे सगळं सायकलवर शिकता येतं. गेममध्ये पडल्यावर दोन सेकंदांत उठता येतं, घाटातल्या ओल्या रस्त्यावर उठता येत नाही. ही गोष्ट त्याच्याशी एकदा नीट बसून बोला.

भारतात खरं मोटोक्रॉस होतं का?

होतं. पुण्या-नाशिककडे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींची परंपरा जुनी आहे आणि २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची सुरुवात पुण्यात बालेवाडीला झाली. लांब पल्ल्याच्या रॅलीत सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले आणि २०२४ मध्ये हरिथ नोआ यांनी डकारच्या रॅली २ गटात पहिला क्रमांक मिळवला. मुलांना त्यांचे व्हिडिओ जरूर दाखवा. उडीच्या टोकावर त्यांचे गुडघे काय करतात तेवढंच बघायला सांगा.

पैसे लावून ऑनलाइन रेस खेळवणारं ॲप आलं आहे. खेळू का?

नको. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले आहेत, मग तो कौशल्याचा खेळ असो की नशिबाचा. बक्षीस असलेल्या ई-स्पोर्ट्स स्पर्धा वेगळ्या, त्या चालतात.

एकच टीव्ही, एकच कंट्रोलर आणि पंधरा मुलं. शर्यत कशी लावायची?

टाइम ट्रायल. एकच ट्रॅक, सगळ्यांना तीच बाइक, प्रत्येकाला लागोपाठ तीन फेऱ्या आणि त्यातली उत्तम धरायची. वेळ भिंतीवरच्या कागदावर लिहायची, फोनमध्ये नको, कारण सगळ्यांना दिसली पाहिजे. लहानांना आधी खेळू द्या. मोठी मुलं आधी खेळली की लहानांचा धीर सुटतो. ट्रायल्समध्ये वेळेऐवजी किती वेळा पडला ते मोजलं तर सावकाश खेळणाऱ्यांनाही संधी मिळते, आणि माझ्या मते तीच जास्त चांगली शर्यत.

खेळताना गरगरतं, मळमळतं. काय करू?

मागच्या कॅमेऱ्याच्या गेममध्ये हे होतं. सेटिंगमध्ये कॅमेरा शेक आणि मोशन ब्लर बंद करा, कॅमेरा बाइकपासून लांबचा निवडा, टीव्हीपासून मागे सरका आणि खोलीत दिवा लावा. नजर बाइकवर न ठेवता पुढच्या उडीच्या टोकावर ठेवा. तरीही वाटलं तर त्या दिवशी थांबा. जोर करून खेळत राहिलं की ते वाढतच जातं. अशांनी बाजूने दिसणारे गेम खेळावेत, त्यात सहसा हा त्रास होत नाही.